पितळेला तडा गेला तो शरद

यंदा चिंच वेळेवर आणून ठेवली आहे, घटस्थापनेच्या आधीच. रॉटरडॅमच्या सुरिनामी दुकानातून दोन पुडे आणले, एक आमटीला आणि एक पितळी देव घासायला. शिरीष, म्हणजे माझा नवरा, पुडे बघून म्हणाला, "अगं, एवढी चिंच? कुणाचं डोहाळजेवण आहे का?" मी देवांचा पुडा ओट्याखालच्या कपाटात ठेवला आणि त्या कपाटात आणखी कुठल्या कुठल्या बाटल्या आहेत ते एकदा तपासून घेतलं. तीन वर्षांपासून ही सवय लागली आहे.

इथे हॉलंडात, रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेलमध्ये, शरद येतो तो चेस्टनटच्या फळांनी. सायकलच्या वाटेवर ती टपाटप पडलेली असतात आणि चाकाखाली आली की फुटतात. मुक्ता, आमची लेक, लहान असताना खिसे भरभरून ती घरी आणायची. पानं ओली, हवा ओली, टॉवेल चार चार दिवस वाळायचं नाव घेत नाहीत. इतरांना या दिवसांत कोजागिरीचं दूध आठवत असेल. मला बोटांना लागलेला जळक्या दारूचा वास आठवतो. पिण्याची नव्हे हो, बंदुकीची.

आता पन्नाशीला आलेली, सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करणारी पुण्याची बाई हॉलंडात रायफल घेऊन काय करते, असं कुणीही विचारेल. आमच्या सासूबाईंनी विचारलंच होतं, जरा तिखट शब्दांत. याचं उत्तर विमराव. ते आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. शिरीषच्या नोकरीच्या मागोमाग मी इथे आले तेव्हा मला ना भाषा येत होती, ना काम होतं. दिवसभर खिडकीतून समोरचा कालवा बघायचा, एवढाच उद्योग. तेव्हा विमरावांची बायको ग्रेट मला हाताला धरून बाजारात न्यायची आणि भाज्यांची नावं घोकून घ्यायची. ग्रेट गेली, आणि मग शनिवारी एकटेच नेमबाजीला निघालेले विमराव एकदा कुंपणापाशी थांबून म्हणाले, "तू कॉलेजात नेम धरायचीस म्हणून ग्रेट सांगायची. खरं का?" खरंच होतं ते. एनसीसीत मी पदक मिळवलं होतं, आणि लग्नानंतर ते कुठल्या खोक्यात गेलं देव जाणे.

त्यांना नुसतं 'विम' म्हणायला माझी जीभ रेटेना. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला एकेरी हाक कशी मारायची? 'विमकाका' म्हणून पाहिलं, तर मुक्ता हसून लोळायला लागली. इथल्या पोरांच्या भाषेत काका म्हणजे शी. मग मी 'विमराव' केलं. याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सरदाराला म्हणतात तसं." त्यांना ते फार आवडलं. क्लबातसुद्धा त्यांनी ते सांगून टाकलं.

क्लब टिलबर्गच्या बाजूला, पाइनच्या रानात. दर शनिवारी त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही जायचो. विमराव आयुष्यभर बोटींची इंजिनं जुळवत आलेले. हाताला केसभर फरक कळायचा. बाजारची तयार काडतुसं त्यांना कधी पटायची नाहीत. ते आपली काडतुसं आपणच भरत. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. ती फेकायची नाही, उचलून घरी आणायची. उडताना ती जरा फुगलेली असते, म्हणून साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची आणि मग पुन्हा भरायची. याचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता, आणि भरण्याचं काम ते एकटेच करत. मी शेडमध्ये शेजारी स्टुलावर बसून बघायची. दोनशे पुंगळ्यांचा एक संच होता. संच एकदा वापरून झाला की डब्याच्या झाकणावर पेन्सिलीची एक रेघ. "दहा रेघांपर्यंत पुंगळीनं कुरकुर करायची नाही," असं ते म्हणायचे.

मला ते बघायला इतकं का आवडायचं, तर मी तांबटाची मुलगी. आमचे अण्णा पुण्यात तांबट आळीत मठाराचं काम करायचे, म्हणजे भांड्यांवर हातोडीनं ठोके उठवायचं. त्या ठोक्यांच्या तालावर मी पाढे पाठ केले आहेत. अण्णांचं एक वाक्य माझ्या कानात कायमचं बसलं आहे: ठोकलं की पितळ ताठतं, आणि ताठलं की त्याला भट्टी दाखवावी लागते, नाहीतर ते रुसून तडकतं. विमरावांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी साचा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुझे वडील आणि मी एकाच कारखान्यात शोभलो असतो." त्या दिवशी मला घर मिळाल्यासारखं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खोटं कशाला सांगू?

आणि अशा माणसाचं मी काय केलं, तर ऐका.

आमच्या घरी खंडेनवमीला हातोड्या, ऐरण, सांडशी सगळं धुऊन, पुसून, झेंडू वाहून पूजलं जायचं. त्या दिवशी हत्याराला काम नाही. इथे माझ्याकडे कसलं हत्यार? लॅपटॉपला कुंकू लावते मी दर वर्षी. शिरीष हसतो आणि मग हळूच स्वतःचाही लॅपटॉप ताटाशेजारी आणून ठेवतो. त्या वर्षी मात्र मनात आलं, विमरावांच्या पुंगळ्या आहेत की. पितळेच्या आहेत, हत्याराच्याच घरातल्या आहेत. विमराव युट्रेख्टला मुलीकडे आठवडाभर गेले होते, आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. रायफल, दारू सगळं तिजोरीत कुलूपबंद. पण रिकाम्या पुंगळ्या शेडमध्ये टबात होत्या, काळवंडलेल्या. म्हटलं, लख्ख करून ठेवू. म्हातारा आल्यावर खूश होईल.

चिंच संपली होती. नेमकी तेव्हाच संपायची! दुकान लांब, दुपारी मीटिंग. मग ग्रेटच्या ओट्याखाली अमोनियाची बाटली दिसली. इथल्या बायका खिडक्यांच्या चौकटींपासून तेलकट चुलीपर्यंत सगळं त्यानं धुतात, आणि ग्रेट तर त्या बाटलीशिवाय पाऊल टाकत नसे. बादलीत कोमट पाणी घेतलं, अमोनिया चांगला सढळ हातानं ओतला, पुंगळ्या सोडल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच ठेवल्या. सकाळी पाहिलं तर पाणी निळंशार. किती सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! मी फोटोसुद्धा काढला. पुंगळ्या धुऊन, टॉवेलवर पसरून वाळवल्या, त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची दोन फुलं ठेवली आणि पुन्हा टबात भरल्या.

विमराव आले, टब बघितला, आणि एक पुंगळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "ग्रेटच्या समया अशाच चमकायच्या." समया म्हणजे त्यांच्या मेणबत्तीच्या दांड्या. एका पुंगळीला कुंकवाचा डाग राहिला होता, तो त्यांनी पुसला नाही.

पहिली पुंगळी तडकली ती दसऱ्यानंतरच्या शनिवारी. तोंडाशी उभा तडा, नखानं ओढल्यासारखा. झाकणावर रेघा तीनच होत्या. विमरावांनी ती खिशात टाकली. होतं एखादीचं. पुढच्या शनिवारी चार गेल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी मध्येच नेमबाजी थांबवली, रायफल रिकामी केली आणि म्हणाले, "चल घरी. कारण कळल्याशिवाय आता एकही नाही."

मग सुरू झालं ते शोधाचं प्रकरण. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पुंगळ्या ओळीनं उभ्या, आणि विमरावांच्या डोळ्याला भिंग. पुंगळी स्वतःच सांगते काय दुखतंय ते, असं ते म्हणत. बुडाजवळ चमकदार वळं दिसलं, की पितळ तिथे ताणून पातळ झालंय. म्हणजे साच्यात जास्त दाबली गेली, आणि ते सगळ्यात वाईट. तारेचं टोक वाकवून ते आत घालायचे आणि आतल्या भिंतीला कुठे खाच लागते का ते चाचपायचे. खाच नव्हती. लांबी मापात होती. रायफल तपासून आणली, तिच्यात खोट नव्हती. मी अण्णांचं शास्त्र पुढे केलं, "विमराव, पितळ ताठलंय, भट्टी दाखवा." ते म्हणाले, "ताठेल गं. पण तीन रेघांत?"

मी वहीत कारणांची यादी करत होते आणि एकेक खोडत होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो आणि त्यात मी तरबेज आहे असं माझे साहेब म्हणतात. त्या यादीत साचा होता, रायफल होती, पुंगळ्या बनवणारा कारखाना होता, हवासुद्धा होती. माझं नाव नव्हतं. ते लिहायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं.

आणि यादी जसजशी आखूड होत गेली तसतसे विमराव गप्प होत गेले. एकदा कॉफी ओतताना त्यांच्या कपाभोवती बशीत तळं साचलं. वसंतापासूनच त्यांचा हात थरथरायला लागला होता. मला दिसत होतं, पण मी बोलले नव्हते. ते बशीकडे बघत म्हणाले, "साचा मी बसवतो, माप मी घेतो. तिथे दुसरं कुणी नाही." मी म्हटलं, "काहीतरीच काय!" पण मला तेव्हा खरंच वाटलं की असेल बाई, वय झालंय त्यांचं. याची लाज मला आजही वाटते. धुतल्याच्या लाजेपेक्षा ही जास्त.

नोव्हेंबरातला तो शनिवार. विमरावांनी ठरवलं होतं की हा शेवटचा. गाडीतल्या पिशवीच्या तळाशी त्याच संचातल्या वीस पुंगळ्या उरल्या होत्या. मी धुतलं त्या आठवड्यात त्या पिशवीतच राहून गेल्या होत्या. मळकट, तपकिरी. त्या त्यांनी आदल्या दिवशी भरल्या आणि रानातल्या रिमझिमीत एकेक करून उडवल्या. वीसच्या वीस धड. भिंगाखाली पाहिल्या, एकीलाही ओरखडा नाही. विमराव कसनुसं हसले, "काल हात बरा होता बहुतेक."

मी त्या मळकट वीस पुंगळ्यांकडे बघत होते. आणि डब्यातल्या त्या चकचकीत तडकलेल्या. चकचकीत तेवढ्याच तडकलेल्या.  घरी येईपर्यंत, तासभर, मी गाडीत नुसती खिडकीबाहेर बघत होते. विमरावांना वाटलं, त्यांच्या निरोपाचं मला वाईट वाटतंय. उलट तेच माझी समजूत घालत होते. घरी पोहोचल्यावर त्यांनी मला आत बोलावून टेबलावरचं पत्र दाखवलं. परवाना परत करतो आहे, असं पोलिसांना लिहिलेलं. "सोमवारी टाकेन. उद्या पुंगळी तोंडाशी न फाटता बुडाशी फाटली, आणि शेजारी तू असलीस तर? हात गेले की माणसानं बाजूला व्हावं."

रविवारी सकाळी अण्णांना फोन लावला. ते भावाकडे असतात, आता फक्त ऐकतात आणि बोलतात, हातोडी सुटली. मी विचारलं, "अण्णा, पितळ अवेळी का तडकतं हो?"

"भट्टी दाखवली नसेल."

"ते नाही. तेवढं ताठायला वेळच झालेला नाही."

"मग गोठ्यात ठेवलं असेल."

"गोठ्यात?"

"अगं, जनावराच्या मुताचा वास सोसत नाही पितळेला. ठोकलेलं भांडं गोठ्याजवळ ठेवलं की कुणी हात न लावता तडकतं. माझे वडील गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, भांडं ठेवता कुठे? तू ते ठेवलंस कुठे, धुतलंस कशानं?"

"अमोनियानं."

"म्हणजे त्याच वासाचं. पाणी निळं झालं होतं?"

मी "हो" म्हटलं. फोनमध्ये त्या निळ्या पाण्याचा फोटो होता, तो त्यांना दाखवायची काही गरज उरली नव्हती. अण्णा म्हणाले, "तांबटाची पोर ना गं तू? ते निळं म्हणजे तांबं होतं. भांड्यातलं तांबं पाण्यात उतरत होतं, आणि तू बघत बसलीस?"

शिरीषला सांगितलं, तर तो म्हणाला, "गप्प बस. तसेही ते सोडणारच आहेत, हात तर थरथरतोच ना? उगाच कशाला आपलं पितळ उघडं पाडायचं?" त्याला विनोद सुचला याचाच मला राग आला. पण खरं सांगते, दहा मिनिटं मला त्याचं म्हणणं पटलं होतं. इथे माझं माणूस म्हणावं असं कोण होतं? ऑफिसातले सगळे गोड बोलतात आणि पाचला घरी जातात. हे एक घर, हे एक शेड, तो एक स्टूल. तेवढं गेलं असतं तर मी पुन्हा खिडकीतून कालवा बघत बसले असते. मुक्ता टोस्टला लोणी लावत ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. मान वर न करता म्हणाली, "सांगून टाक ना, आई. त्यांना वाटतंय ते मोडलेत."

मी चपला घातल्या आणि तशीच गेले. इंग्रजीत वाक्यं जुळवून नेली होती, तोंडातून डच निघालं, तेही मोडकंतोडकं. म्हटलं, "विमराव, तुम्ही नाही. मी. मी ग्रेटच्या बाटलीनं धुतल्या." आणि मग निळं पाणी, गोठा, अण्णा, मळकट वीस पुंगळ्या, सगळं भडाभडा सांगितलं.

ते उठले. ओट्याखालून ती बाटली काढली, चष्मा लावून तिच्यावरचं सगळं वाचलं, झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग टेबलाशी बसून त्यांनी दोन्ही हात समोर धरले, खिडकीच्या उजेडात. ते थरथरत होते. थोडे.

"म्हणजे माझे हात नव्हते?"

"नव्हते."

"पुन्हा सांग."

"तुमचे हात नव्हते, विमराव. माप बरोबर होतं. साचा बरोबर होता."

"पाच आठवडे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, मी तो तसा कधी ऐकला नव्हता, "पाच आठवडे तू मला म्हातारा करून ठेवलंस!" मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. डच माणूस आहे, पाठीवरून हात वगैरे फिरवत नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "शेडमधून पक्कड आण. दोन आण."

दुपारभर आम्ही त्या टेबलाशी बसून धुतलेल्या एकूण एक पुंगळीचं तोंड पकडीनं चेपलं, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ती भरू नये. धड दिसत होती तीसुद्धा. आत तडा सुरू झाला असेल तर सांगता कुठे येतं? मी अजून मुसमुसत होते. ते म्हणाले, "पकडीवर रडू नकोस, गंजेल." कुंकवाचा डाग असलेली पुंगळी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी तिचंही तोंड चेपलं, आणि मग ती माझ्याकडे सरकवली. "ही तुझ्या देवांना. निदान त्यांना कळू दे तू काय करतेस ते."

ती आहे अजून. उद्या नवमी, चिंचेनं घासून ताटात ठेवीन. शिरीषचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप आणि मधोमध ती तोंड चेपलेली पुंगळी. मुक्ताच्या मैत्रिणी विचारतात हे काय, आणि मुक्ता त्यांना सगळी गोष्ट सांगते, दर वेळी माझा मूर्खपणा जरा वाढवून.

नंतर विमरावांनी नवा संच आणला. त्याच्या झाकणावर आठ रेघा झाल्या, आणि एकही पुंगळी कुरकुरली नाही. तडकलेल्या पुंगळ्यांची गोष्ट ते क्लबात सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना दोन्ही हात पुढे धरायचे. ते पत्र त्या दिवशी त्यांनी फाडलं नाही. खणात ठेवून दिलं.

मागच्या महिन्यात ते त्यांनी बाहेर काढलं. आता निशाणावरचा एक ठिपका त्यांना दोन दिसतो. नवीन तारीख घातली, नवीन सही केली, आणि आमची बेल वाजवून म्हणाले, "चल, पेटीपर्यंत ये. या वेळी कारण माझं स्वतःचं आहे." आम्ही चेस्टनट चुकवत कोपऱ्यावरच्या केशरी टपालपेटीपाशी गेलो. त्यांचा हात आता पूर्वीपेक्षा बराच थरथरतो. पाकीट फटीच्या एकदा वर लागलं, एकदा खाली. मागे एक सायकलवाली पत्र घेऊन थांबली होती. ती माझ्याकडे बघायला लागली, की ही बाई मदत का करत नाही. माझे दोन्ही हात मी कोटाच्या खिशात घट्ट धरून ठेवले होते, आणि तिसऱ्या खेपेला पाकीट त्यांनीच आत टाकलं.